गोळीबार चौकातली खानावळ आणि मागाचे दोन खड्डे

मांडी घालून जेवायला बसलो आणि नजर जमिनीवर गेली. सगळीकडं जुनी काळसर फरशी, पण माझ्या ताटापुढचा चौकोन तेवढा वेगळ्या, नव्या शहाबादीचा. तसाच दुसरा भिंतीलगत. मी इचलकरंजीचा. आजोबांच्या घरात असेच दोन चौकोन होते. हे मागाचे खड्डे, हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलंच.

"तुमाले कसं माईत?" वाढता वाढता आजी थांबल्या.

मग मीही आमच्या घरचं सांगितलं. हातमागावरचा विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, खालच्या पावड्या दाबत वर धोटा फेकतो. आमच्याकडं यंत्रमाग आले आणि खड्डे बुजले. इथं बुजलेल्या खड्ड्यांवर ताटं मांडली गेली.

मित्राच्या बहिणीच्या लग्नासाठी मी नागपुरात होतो. शेवटच्या रात्री "आता सावजी खाल्ल्याशिवाय जायचं नाही" म्हणत त्यानं मला गोळीबार चौकामागच्या गल्लीत आणलं. हा सगळा भाग, टिमकीसकट, कोष्ट्यांचा, म्हणजे विणकरांचा. सावजी हे त्यांचंच तिखट जेवण. घर कौलारू, बुटकं. दाराची चौकट सागवानी, इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. ओसरीवर चपला काढायच्या आणि वाकून आत शिरायचं. खानावळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजींना नवी गर्दी नको आहे, रोजच्या गिऱ्हाइकांना पुरेल एवढंच त्या रांधतात.

भोसल्यांच्या काळापासून नागपूरच्या कोष्ट्यांची लुगडी आणि रेशीमकाठी धोतरं नावाजलेली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे इथवर आली. कापूस भोवताली पिकतच होता. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा घेतली, तेव्हा हा माणूस सोनं मातीत पुरतोय म्हणत एका सावकारानं पैसे द्यायचं नाकारलं होतं. १ जानेवारी १८७७ ला, दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि नाव पडलं एम्प्रेस मिल. शंभरावर वर्षं तिनं हे शहर पोसलं. गिरणीच्या जागी आता मॉल आहे.

या घरातले दोन्ही माग आजींच्या आजेसासऱ्यांचे. सासरे मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रावर, लागले. एक माग बंद पडला, मग दुसरा. खानावळ मात्र काढली सासूनं.

"घरचाच सैपाक होता नं भाऊ. आधी चार जनाचे डबे गेले मिलमंदी. मंग मानसं म्हनाले, आमी घरीच येतो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला का लाइन लागे इथं. पगाराच्या दिशी तं उभं राहाले जागा नसे." माग काढून खड्डे बुजवले ते तेव्हाच, पंगत बसवायला. लाकडं सासूनं चुलीत घालू दिली नाहीत. त्यांच्या फळ्या झाल्या. मसाल्याचे डबे आजही त्यांच्यावरच आहेत. मी उठून एका फळीवर हात फिरवला. खाली खाचा अजून लागतात.

विणकरी बंद पडलेलं घर बायकांनी चुलीवर उभं केलं. सावजीबद्दल बोलताना सगळे तिखटापाशीच थांबतात, हे मात्र राहून जातं. मला ते खटकतं.

तिखट आहेच. मटणावर बोटभर तर्री होती आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. पण तिखट ओसरलं की मागून खसखस येते, भाजलेलं सुकं खोबरं येतं, दगडफूल येतं आणि अगदी तळाशी जवसाच्या तेलाचा किंचित कडवट वास. रस्सा दाट होतो तो ज्वारीच्या भाजलेल्या पिठानं. मी लंबी रोटी मोडून मोडून बुडवत राहिलो आणि आजी वाढत राहिल्या. "घ्या नं, लाजू नका."

मसाला कसा वाटतात ते पाहायचं होतं, म्हणून सकाळी पुन्हा गेलो. सून पाट्यावर बसली होती. पाटा मधोमध खोलगट झालेला, वरवंटा दोन्ही टोकांना झिजून बारीक. पाण्याचा हबका, वरवंट्याची एक ओढ, कडेचा मसाला बोटानं आत, पुन्हा हबका. मिक्सर घरात आहे. कांदा त्यात होतो, मसाला नाही. "त्याच्यात मसाला गरम होते, मंग चव पळते," ती मान वर न करता म्हणाली.

आजींनी विचारलं, "तुमच्याकडं माग चालतेत का अजून?"

यंत्रमाग चालतात म्हणालो, रात्रंदिवस खडखडाट असतो. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग गाडी कोणती, किती वाजता, हे विचारून आत गेल्या आणि तीन पुडाचा पितळी डबा घेऊन आल्या. पाटवडी, सुकं मटण, भाकरी. "रस्सा देत नाही, गाडीत सांडंन. डबा मित्राजवळ धाडजा."

महाराष्ट्र एक्सप्रेसनं बडनेरा सोडलं तेव्हा डबा उघडला. समोरच्या सीटवरच्या काकांनी पेपर खाली केला.

"सावजी का?"

भाकरीवर दोन वड्या ठेवून मी त्यांच्यापुढं धरली.