तीन आठवडे एका आकड्यापायी: फ्रीआरटीओएस बसवतानाचा माझा अनुभव

ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर फ्रीआरटीओएस, म्हणजे एकाच चिपवर अनेक कामं वेळेत चालवणारी छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, चालू करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. टास्क्स.सी, क्यू.सी आणि लिस्ट.सी या तीन फाइली, चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरसाठीची पोर्ट.सी, पाच हीप (मेमरी वाटणाऱ्या) फाइलींपैकी एक आणि आपली कॉन्फिग फाइल. सगळं कंपाइल झालं, एलईडी लुकलुकला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पुढच्या तीन आठवड्यांबद्दल. ते वाया गेले नसते तरी चाललं असतं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

मांडणी साधी होती. एसटीएम३२एफ१०३ चिप: ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम, ६४ केबी फ्लॅश. टास्क, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी कामं, चार: यूएआरटी या सिरियल जोडणीवरचे संदेश वाचणारा, रिले चालवणारा, डिस्प्लेवर लिहिणारा आणि एलईडीचा. यूएआरटी १,१५,२०० बॉडवर. बाइट आला की इंटरप्ट लागतो, म्हणजे चिप हातातलं काम थांबवून त्याचा छोटा कोड चालवते; तो कोड बाइट क्यूमध्ये (रांगेत) टाकतो आणि क्यूवर थांबलेला टास्क उठून तो उचलतो. हा टास्क १०० मिलिसेकंद वाट पाहतो. तेवढ्यात काही आलं नाही तर लाइन तुटली असं धरतो. हे १०० मिलिसेकंद ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

बोर्ड मध्येच गोठायचा. कधी ४० मिनिटांत, कधी रात्रभर नीट चालून पहाटे. हार्डफॉल्ट (चिपने स्वतः पकडलेली गंभीर चूक) नाही, रीसेट नाही. एलईडी थांबलेला आणि रिले ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत अडकलेला. रिलेमागे मोटर असेल तर हे धोक्याचं आहे, म्हणून ‘अधूनमधून होतं, बंद करून चालू करा’ म्हणून सोडून देता येत नाही.

संशय पहिल्यांदा स्टॅकवर, म्हणजे प्रत्येक टास्कच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीवर, जातो, माझाही गेला. इथे एक गोष्ट सांगून टाकतो: टास्क तयार करताना स्टॅकचा आकडा बाइटमध्ये नसतो, वर्डमध्ये असतो. १२८ लिहिलं तर या चिपवर ५१२ बाइट मिळतात. जिथे प्रिंटएफ किंवा त्याचे भाऊबंद वापरले असतील तिथे ५१२ बाइट पुरत नाहीत. २५६ वर्डपासून सुरुवात करावी आणि हाय-वॉटर-मार्क देणारं फंक्शन बोलावून किती उरतात ते बघावं. मी तसं पाहिलं तेव्हा सगळ्यांकडे भरपूर जागा उरलेली होती. स्टॅक ओव्हरफ्लो तपासणी २ वर ठेवली. या पद्धतीत कर्नल (फ्रीआरटीओएसचा मूळ कोड) नव्या टास्कचा स्टॅक ए५ या खुणेने भरून ठेवतो आणि टास्क बदलताना टोकाच्या खुणा शाबूत आहेत का ते पाहतो. सगळ्या शाबूत. म्हणजे स्टॅक निर्दोष.

मग पॉवर सप्लाय. कपॅसिटर वाढवला, दुसरा अडॅप्टर लावला, बोर्डच बदलला. प्रत्येक बदलानंतर एक रात्र वाट पाहायची आणि सकाळी गोठलेला बोर्ड बघायचा. ज्यांच्याकडून बोर्ड आणि नमुना कोड घेतला होता त्यांना लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं: ‘स्टॅक वाढवा.’ आकडे पाठवून स्टॅकला धक्काही लागलेला नाही असं कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही.

दोष सापडला तो डीबगर (चालता कोड थांबवून आत बघायचं साधन) लावून ठेवल्यामुळे. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एसटी-लिंक जोडून बोर्ड चालू ठेवायचा, गोठला की रीसेट न करता पॉज करायचा आणि प्रोग्राम काउंटर (चिप कोडच्या कोणत्या जागी आहे तो पत्ता) कुठे उभा आहे ते बघायचं. तो दर वेळी लिस्ट.सी मधल्या व्ही-लिस्ट-इन्सर्ट या फंक्शनमध्ये सापडायचा. तिथे एक रिकामा फॉर लूप आहे. यादीत पुढे पुढे सरकत जायचं, पुढच्या नोंदीची किंमत आपल्यापेक्षा मोठी दिसली की थांबायचं, एवढंच त्याचं काम. यादीच्या शेवटच्या खुणेवर शक्य तेवढी मोठी किंमत ठेवलेली असते, त्यामुळे हा लूप कधी ना कधी थांबायलाच हवा. तो थांबत नाही याचा अर्थ यादीच्या कड्या चुकीच्या जोडल्या गेल्या आहेत आणि लूप गोल फिरतोय. वॉच विंडोत पुढची नोंद, तिची पुढची, तिची पुढची असं उघडत गेलं की तिसऱ्या-चौथ्या पायरीला पहिलाच पत्ता परत दिसतो.

या लूपच्या डोक्यावर एक लांबलचक कॉमेंट आहे, आणि ती लिहिणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. ‘तुमचा प्रोग्राम इथे अडकत असेल तर कारणं ही’ असं म्हणून तिथे यादीच दिली आहे. स्टॅक ओव्हरफ्लो हे त्यातलं एक. दुसरं, इंटरप्टची चुकीची प्रायॉरिटी (कोणाला आधी संधी, तो मान), खास करून कॉर्टेक्स-एमवर. ते वाचलं आणि यूएआरटीचा कोड उघडला. नमुना कोडमध्ये इंटरप्ट चालू करणारी ओळ होती, त्याला प्रायॉरिटी देणारी ओळच नव्हती.

हे का बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण हाच या कर्नलचा गाभा आहे.

फ्रीआरटीओएसमध्ये जवळपास सगळं याद्यांवर चालतं. तयार टास्कची प्रत्येक प्रायॉरिटीसाठी एक यादी असते. झोपलेल्या टास्कची यादी उठायच्या वेळेनुसार लावलेली असते. प्रत्येक क्यूलाही तिच्यावर थांबलेल्या टास्कच्या याद्या असतात. आपला वाचणारा टास्क १०० मिलिसेकंदांच्या मुदतीने थांबतो, म्हणून तो एकाच वेळी दोन ठिकाणी असतो: क्यूच्या यादीत आणि झोपलेल्यांच्या यादीत. बाइट आला की इंटरप्ट त्याला दोन्हीकडून काढतो आणि तयार यादीत टाकतो. दर मिलिसेकंदाला येणारा टिक इंटरप्टही त्याच झोपलेल्यांच्या यादीतून ज्यांची वेळ झाली त्यांना काढत असतो. दोघांनी एकाच वेळी तिथे हात घातला तर कडी तुटणारच.

कर्नलला हे ठाऊक आहे. यादीला हात लावण्याआधी तो बेसप्राय नावाच्या रजिस्टरमध्ये एक आकडा लिहितो, आणि त्या आकड्याच्या किंवा त्याखालच्या मानाचे सगळे इंटरप्ट तेवढ्यापुरते थोपवले जातात. त्याहून वरच्या मानाच्या इंटरप्टना तो मुद्दाम मोकळं सोडतो, कारण मोटर नियंत्रणासारख्या कामात काही इंटरप्टना एक मायक्रोसेकंदही उशीर चालत नाही. पण या सवलतीला अट आहे: अशा इंटरप्टमधून कर्नलचं एकही फंक्शन बोलवायचं नाही, इंटरप्टमधून वापरण्यासाठीच असलेलं फ्रॉम-आयएसआर शेपटीचंसुद्धा नाही.

घोळ होतो तो आकड्यांच्या दिशेत. टास्कच्या प्रायॉरिटीत मोठा आकडा म्हणजे मोठा मान. कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये नेमकं उलटं: ० सगळ्यांत वर, आणि या चिपवर १५ सगळ्यांत खाली. रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी ० असते. म्हणजे आपण काहीच लिहिलं नाही तर यूएआरटी आपोआप सर्वांत वर जाऊन बसतो. बेसप्राय त्याला अडवू शकत नाही, आणि तो थेट कर्नलच्या अर्धवट जोडलेल्या यादीत हात घालतो.

रोज लगेच का बिघडत नाही? १,१५,२०० बॉडवर एक बाइट यायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे ६,२५० क्लॉक सायकल. कडी बदलण्याचं काम त्यातल्या मोजक्या सायकलींत उरकतं. तेवढ्याच फटीत इंटरप्ट पडायला हवा, म्हणून कधी ४० मिनिटं लागतात तर कधी रात्र जाते. दोष लवकर बाहेर काढायचा असेल तर पीसीवरून सलग बाइट सोडत राहा आणि एक-एक मिलिसेकंद झोपणारे तीन-चार रिकामे टास्क वाढवा. असं केल्यावर माझा बोर्ड काही मिनिटांत गोठू लागला आणि रात्रीची वाट पाहणं संपलं.

दुरुस्ती दोन ओळींची, पण दुसऱ्या ओळीत पुन्हा खड्डा आहे. यूएआरटीला ६ प्रायॉरिटी दिली. कॉन्फिग फाइलमध्ये कर्नलची वरची मर्यादा ५ ठेवायची होती, म्हणून तिथे सरळ ५ लिहिलं, आणि बोर्ड पुन्हा गोठला. कारण एनव्हीआयसीचं (चिपच्या इंटरप्ट नियंत्रकाचं) सेट-प्रायॉरिटी फंक्शन साधा आकडा घेतं आणि स्वतः सरकवतं, तर कॉन्फिगमधली मॅक्स-सिसकॉलची, म्हणजे याच वरच्या मर्यादेची, किंमत जशीच्या तशी रजिस्टरमध्ये जाते. या चिपमध्ये प्रायॉरिटीच्या ८ बिटांपैकी वरचे ४ च खरे आहेत. ५ लिहिलं तर ते खालच्या चार बिटांत पडतं, चिप ते टाकून देते आणि उरतं शून्य. बेसप्रायमध्ये शून्य म्हणजे ‘कोणालाच थोपवू नका’. लिहायला हवं होतं ते ५ चार बिट डावीकडे सरकवून, म्हणजे ८०. तसं केल्यावर बोर्ड सलग ११ दिवस चालला. मग मीच बंद केला.

सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो ते आता. पोर्ट.सी मध्ये हीच चूक पकडणारी तपासणी मुळात आहे. फ्रॉम-आयएसआर फंक्शन बोलावलं की कर्नल चालू इंटरप्टची प्रायॉरिटी वाचतो आणि ती मर्यादेबाहेर असेल तर जागीच थांबतो. अट एवढीच की कॉन्फिग फाइलमध्ये कॉन्फिग-असर्ट हा मॅक्रो लिहिलेला असावा. नमुना कोडच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ कॉमेंट करून ठेवलेली होती. तिच्याशिवाय सगळ्या तपासण्या गुपचूप रिकाम्या होतात. मी जुना, बिघडलेला कोड परत काढला, ती एक ओळ उघडली आणि यूएआरटीवर एक अक्षर पाठवलं. पहिल्याच अक्षराला बोर्ड असर्टमध्ये थांबला, नेमक्या कारणासकट. ज्याला तीन आठवडे लागले ते एका सेकंदात दिसलं. शिकणाऱ्याच्या हातात द्यायच्या कोडमध्ये ही ओळ बंद ठेवणं मला अक्षम्य वाटतं. असर्टमध्ये फार काही लिहायचं नसतं: इंटरप्ट बंद करा आणि अनंत लूपमध्ये थांबा. डीबगर पुढचं दाखवतो.

बाकीच्या गोष्टी आठवतील तशा.

एचएएल लायब्ररी (हार्डवेअर हाताळणारा तयार कोड) वापरत असाल तर तिचा वेळ मोजायचा टाइमर सिसटिकवरून हलवून टिम४ सारख्या दुसऱ्या टाइमरवर न्या. सिसटिक, म्हणजे टिक देणारा टाइमर, कर्नलचा आहे. सिसटिक, पेंडएसव्ही आणि एसव्हीसी या तिघांचे हँडलर कर्नलच्या नावांना जोडले गेलेत ना, हेही पाहा. पेंडएसव्ही, म्हणजे टास्क बदलणारा इंटरप्ट, सुटला तर पहिला टास्क चालतो आणि दुसरा कधीच येत नाही.

एक-एक बाइट क्यूमधून नेणं महागात पडतं. क्यू प्रत्येक वस्तूची नक्कल करते आणि दर वेळी टास्क उठवते. बाइटचा ओघ असेल तर स्ट्रीम बफर घ्या. मी नंतर तेच केलं. इंटरप्टच्या शेवटी, लगेच टास्क बदलायला सांगणारं यील्ड-फ्रॉम-आयएसआर विसरू नका. ते नसेल तर उठवलेला टास्क पुढच्या टिकपर्यंत बसून राहू शकतो, आणि मग ‘रिअल टाइम’ला अर्थ उरत नाही.

हीप-१ मध्ये घेतलेली जागा परत करता येत नाही, आणि सगळे टास्क सुरुवातीलाच तयार होत असतील तर तीच उत्तम. मधूनमधून काही तयार करून पुसायचं असेल तर हीप-४, कारण ती शेजारचे मोकळे तुकडे जोडून घेते. २० केबीपैकी १० केबी हीपला दिली तरी चार टास्क आरामात मावतात. टास्क बदलताना १६ रजिस्टर, म्हणजे ६४ बाइट, त्या टास्कच्याच स्टॅकवर जातात: ८ हार्डवेअर टाकतं, ८ पेंडएसव्ही.

डिस्प्लेसारखी सामायिक गोष्ट सांभाळायला म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) वापरा, बायनरी सेमाफोर नको. म्युटेक्स धरून बसलेल्या खालच्या टास्कला कर्नल तात्पुरती वरची प्रायॉरिटी देतो, सेमाफोरमध्ये तसं होत नाही, आणि मग वरचा टास्क खालच्यामागे अडकून राहू शकतो. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं ते याच दोषामुळे. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही दुसरी रिअल-टाइम सिस्टिम होती, आणि त्या म्युटेक्सवरची ही तात्पुरती बढती, म्हणजे प्रायॉरिटी वारसा, बंद ठेवलेला होता. तो पृथ्वीवरून चालू करावा लागला.

वॉचडॉगला (ठरावीक वेळेत कोडकडून हात लागला नाही तर चिप रीसेट करणाऱ्या टाइमरला) टाइमर इंटरप्टमधून खाऊ घालू नका. माझ्या बोर्डात टास्क मेलेले असताना इंटरप्ट जिवंत होते; तसा वॉचडॉग शेवटपर्यंत समाधानी राहिला असता आणि रिले अडकलेलाच राहिला असता. प्रत्येक टास्कने आपला एक बिट उभा करावा, आणि सगळे बिट दिसले तरच एका देखरेख टास्कने वॉचडॉगला हात लावावा.

टिक १,००० हर्ट्झ ठेवला तर ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. कर्नल झोपलेल्यांच्या दोन याद्या ठेवून ते सांभाळतो. आपल्या कोडमध्ये वेळेची तुलना ‘आत्ताची वेळ मोठी का’ अशी न करता वजाबाकी करून करा. तपासायला ४९ दिवस थांबावं लागत नाही: कॉन्फिगमध्ये टिकची सुरुवातीची किंमत ठरवता येते, ती कमाल किंमतीपेक्षा ६०,००० ने कमी ठेवा. बोर्ड चालू केल्यावर मिनिटभरात काउंटर उलटतो आणि काय तुटतं ते समोर दिसतं.