छेदात कोण बसतं?

मी सरकारी आकडेवारीच्या कामात नोकरी केली हे कळलं की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो. "काय हो, आपल्या देशाची उत्पादकता एवढी खाली, म्हणजे आपली माणसं कामच कमी करतात, असंच ना?" २०२३ च्या शेवटी आठवड्याला ७० तास काम करावं की नाही यावर देशभर चर्चा झाली. तेव्हापासून हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत आणि दवाखान्याच्या बाकावरसुद्धा गाठतो. तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात जिलेबी येते नाहीतर नंबर लागतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता लिहूनच देतो.

उत्पादकता म्हणजे साधा अपूर्णांक. वर अंशात त्या क्षेत्राने घातलेली मूल्यवृद्धी, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत वजा त्यासाठी विकत घेतलेला कच्चा माल, वीज, सेवा. खाली छेदात ते काम करणारी माणसं. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जो काही वाद होतो तो सगळा अंशावरून: जीडीपी खरा की फुगवलेला. छेदाकडे कोणी फिरकत नाही. माझं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच आहे.

छेद भरायचा कसा? आपल्याकडे कामगारांचं मोठं सर्वेक्षण अनेक दशकं साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायचं. १९८३, १९८७-८८, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २००९-१०, २०११-१२. मधल्या वर्षांत किती माणसं कामाला होती, हे दोन टोकांमध्ये रेघ ओढून ठरवावं लागायचं. म्हणजे समजा १९९६ साली सुताराच्या उत्पादकतेत चढ दिसला, तर त्यातला खरा चढ किती आणि आमच्या पट्टीचा किती, हे कोण सांगणार? २०१७-१८ पासून 'पीएलएफएस' हे श्रमबलाचं नवं सर्वेक्षण दरवर्षी येऊ लागलं, तेव्हा कुठे ती रेघ सुटली.

पण त्याहून मोठी गोष्ट व्याख्येची आहे. 'नेहमीची स्थिती' नावाच्या मोजमापात वर्षातला जास्त काळ काम करणारा माणूस तर कामगार धरतातच, पण दुय्यम काम म्हणून वर्षात ३० किंवा त्याहून जास्त दिवस काम केलेल्यालाही कामगार धरतात. व्याख्या चुकीची नाही. नाहीतर लाखो माणसं कागदावरून गायबच होतील. पण उत्पादकता काढताना हिंजवडीतला वर्षभर राबणारा इंजिनिअर छेदात एक, आणि सुगीपुरती शेतात उतरलेली बाईसुद्धा एकच.

आता त्या बाईबद्दल. अन्वेषक, म्हणजे सर्वेक्षणाची माहिती गोळा करणारा, दारात जातो, घरातला पुरुष ओट्यावर बसलेला असतो. "मंडळी काय करतात?" "काही नाही, घरीच असते." आणि ती माउली सकाळी खुरपणीला जाऊन, दुपारी शेरडांचं बघून, नुकतीच चुलीपाशी वळलेली असते. ज्यांनी क्षेत्रकाम केलंय त्यांना हे उत्तर पाठ आहे. चांगला अन्वेषक तिथे थांबत नाही. "खुरपायला कोण जातं? दूध कोण काढतं? कापूस वेचायला घरचं कोण होतं?" असं विचारत जातो, आणि मग 'घरीच असणारी' बाई विनावेतन कौटुंबिक कामगार म्हणून नोंदली जाते.

हे नुसतं हळवेपणाने सांगत नाही. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतला, सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी! यात खरोखर कामावर आलेल्या किती आणि जास्त नीट विचारल्यामुळे दिसू लागलेल्या किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण शेतीच्या अपूर्णांकावर परिणाम काय होतो तो बघा. जोंधळा तेवढाच पिकला, आणि छेदात माणसं मात्र वाढली. म्हणजे माणशी उत्पादकता घसरलेली दिसते. त्या बाया कालही खुरपत होत्या आणि आजही खुरपतात. कालच्या आकड्यात त्यांचं पीक मोजलं जायचं, त्या मोजल्या जात नव्हत्या.

अंशाची गोष्टही रंजक आहे. १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. सल्ल्याला अमेरिकी अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्यासारखे लोक. फाळणीतून नुकता बाहेर पडलेला देश, बहुसंख्य जनता शेतात, हिशेबाच्या वह्या ठेवणारे थोडे, आणि या तिघांनी देशाचं उत्पन्न क्षेत्रवार मांडायचं ठरवलं. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच निकडीतून. माहिती नाही म्हणून हात बांधून न बसता माहिती गोळा करणारी यंत्रणाच उभी करायची, ही त्या पिढीची खासियत. आजच्या डॅशबोर्डवाल्यांनी त्या समितीचे अहवाल एकदा चाळावेत असं मला नेहमी वाटतं. कुठला आकडा किती कच्चा आहे हे ती माणसं उघडपणे लिहीत.

शेतीचं उत्पादन म्हणजे पेरा (किती क्षेत्रावर पेरलं) गुणिले उतारा (एकरी किती पिकलं). पेरा गावच्या पीकपाहणीत सापडतो. उतारा मात्र पूर्वी नजरेने ठरवायचे, आपल्या आणेवारीच्या चालीने. नजरअंदाजाला पर्याय म्हणून पीक कापणी प्रयोग आले: शेतात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी जागा निवडून, ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा, तोलायचा. यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञाचं काम मोठं आहे. तुकडा किती मोठा असावा यावरून त्यांचा आणि महालनोबिसांचा चांगलाच वाद झाला. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा अगदी छोटा घेतला की कडेवरची रोपं 'आतलीच आहेत' म्हणून ओढली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी कड जास्त. म्हणून उतारा फुगतो. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. कडेवरचं एक ताट आत धरायचं की बाहेर, यावर देशाच्या शेतीची उत्पादकता डुगडुगते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

कारखान्यांचं त्या मानाने सोपं. २०२५ पर्यंत वीज वापरून १० किंवा विजेविना २० कामगार असले की कारखाना कायदा लागू व्हायचा, आणि १९५९ पासून वार्षिक उद्योग पाहणी त्यांच्या ताळेबंदांतून आकडे घेते. प्रश्न त्याखालच्यांचा. इचलकरंजीतले चार मागवाले, धारावीत पिशव्या शिवणारे, कोपऱ्यावरचा किराणा, सायकल दुरुस्तीची टपरी. असंघटित बिगरशेती उद्योगांच्या २०२३-२४ च्या पाहणीत असे ७ कोटींहून जास्त उद्योग निघाले. त्यांत सुमारे १२ कोटी माणसं, आणि माणशी वार्षिक मूल्यवृद्धी दीड लाखाच्या आसपास. या लोकांची पाहणी पूर्वी पाच-पाच वर्षांनी व्हायची. मधल्या काळात संघटित कंपन्यांच्या चालीवरून त्यांची चाल गृहीत धरली जायची, आणि २०१६ च्या नोटबंदीनंतर याच गृहीतकावर सगळ्यात जास्त टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. मोठ्याचं पोट भरलं म्हणजे धाकटाही जेवला, असं धरून चालत नाही.

मग येतो भाववाढ काढून टाकण्याचा भाग. इथे कंटाळू नका, गंमत इथेच आहे. समजा एक फरसाणाचा कारखाना आहे. यंदा तेल स्वस्त झालं, फरसाणाचा भाव तोच, माल तेवढाच, माणसं तेवढीच. मूल्यवृद्धी रुपयांत वाढली, कारण तेलाचा खर्च घटला. आता ही वाढलेली मूल्यवृद्धी फरसाणाच्या भावाने भागली, तर भाव हललाच नसल्यामुळे 'खरी' वाढ झाल्यासारखी दिसते. फरसाण एक ग्रॅमही जास्त झालं नाही, पण कामगाराची उत्पादकता कागदावर चढली! खरं तर माल मालाच्या भावाने आणि तेल तेलाच्या भावाने वेगवेगळं भागायला हवं. २०११-१२ हे वर्ष पाया धरणाऱ्या जीडीपीच्या मालिकेत कारखानदारीसाठी एकाच निर्देशांकाने भागायची पद्धत होती. २०१४ ते २०१६ दरम्यान कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि घाऊक किंमत निर्देशांकावरचा महागाई दर शून्याखाली गेला, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. सेवांचं तर आणखी अवघड, कारण वकिलाच्या सल्ल्याचा किंवा क्लासच्या शिकवणीचा धड भावनिर्देशांकच आपल्याकडे नाही.

सरकारी खात्यांबद्दल लोक मला डोळा मारून विचारतात. उत्तर ऐकून त्यांची निराशा होते. सरकारी सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून तिची किंमत धरतात तिच्यावर झालेला खर्च, मुख्यतः पगार. म्हणजे जिल्हा परिषदेच्या बाईंनी मुलांना वाचायला शिकवलं काय नि न शिकवलं काय, हिशेबात फरक शून्य. ब्रिटनने १९९० च्या दशकाच्या शेवटापासून शिकलेली मुलं, झालेली ऑपरेशनं असं मोजायचा मार्ग धरला आणि २००५ च्या ॲटकिन्सन अहवालानंतर तो आणखी पक्का केला. आपण त्या वाटेवर अजून फार पुढे गेलेलो नाही.

हे सगळं एका जागी आणायचं काम 'इंडिया क्लेम्स' नावाच्या प्रकल्पाने केलं. भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा यांच्यासाठी अर्थशास्त्रात वापरतात त्या K, L, E, M, S या अक्षरांवरून हे नाव पडलं. रिझर्व्ह बँकेच्या पाठबळाने २००९ पासून हे काम चालू आहे, आणि १९८०-८१ पासून पुढची २७ उद्योगांची मालिका बँक प्रसिद्ध करते, फुकट. यात नुसती माणसं न मोजता त्यांचं शिक्षण धरून श्रमाचा दर्जाही मोजतात, आणि यंत्रं, इमारतींची झीज वजा करून भांडवलही. सगळं लावूनही उत्पादनात जी वाढ उरते ती एकूण घटक उत्पादकता. मोझेस अब्रामोविट्झ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्येच या उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. आमच्या धंद्यातला एवढा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आता मूळ प्रश्न. २०२३-२४ मध्ये देशातले सुमारे ४६ टक्के कामगार शेतीत होते आणि शेतीचा मूल्यवृद्धीतला वाटा होता १८ टक्क्यांच्या आसपास. गणित करून बघा: शेतीबाहेरच्या माणसामागे शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्यवृद्धी पडते. शेतीबाहेरचा माणूस चौपट राबतो का? उसाच्या फडात एक दिवस काढलेला कोणी असं म्हणणार नाही. शेतीबाहेरच्या माणसाच्या हाताशी यंत्र, वीज, पक्का रस्ता आणि शिक्षण आहे, आणि त्याच्या मालाला भाव आहे. इकडे दोन एकरांवर चार माणसं, कारण त्यांना दुसरीकडे जागा नाही. त्यातला एक जण उठून चाकणच्या कारखान्यात टिकला तर शेताचं पीक फारसं घटत नाही आणि देशाची सरासरी वाढते, कोणीही एक तास जास्त न राबता. उलटही होतं. शेतीतल्या कामगारांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो टाळेबंदीनंतर २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. गावी परतलेली तीच माणसं, तेच हात, पण हिशेबात त्यांची उत्पादकता पडली.

राहिले ते ७० तास. क्लेम्सच्या छेदात माणसं आहेत, तास नाहीत. त्यामुळे सगळे जण खरंच ७० तास राबले तर माणशी आकडा वाढेल आणि टाळ्याही पडतील. तोच आकडा ताशी काढला तर बहुधा घसरेल, कारण साठाव्या तासाला माणूस जे काम करतो ते दहाव्या तासासारखं नसतं. पीएलएफएसमध्ये आता आठवड्याचे तास विचारले जातात, म्हणजे ताशी आकड्याची सोय हळूहळू होते आहे. आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू दोन एकरवाल्याने जानेवारीत तूर निघाल्यावर मेअखेरपर्यंत हे ७० तास नेमके कशात घालायचे, ते त्या सगळ्या चर्चेत मी तरी कोणाकडून ऐकलं नाही.