३५ मिनिटांचा तास

शाळेतला तास साठ मिनिटांचा नसतो, हे शाळेबाहेरच्यांना सांगून पटत नाही. तो ३५ मिनिटांचा असतो, फार तर ४० चा. आणि सात इंची डब्यातला साधा केकही १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटांतच होतो. शनिवारी दुपारी पुढ्यात वह्यांचा गठ्ठा आणि पाठीशी चालू ओव्हन असला, की हा योगायोग एकदम लक्षात येतो. एका केकमध्ये गणिताच्या वीस वह्या होतात, निबंधाच्या जेमतेम सात. निबंध तपासताना केक करपायची भीती जास्त, कारण ‘माझा आवडता ऋतू’ सातव्यांदा वाचताना डोळा लागतोच.

केक उद्यासाठी असतो. उद्या म्हणजे रविवार, आणि रविवारी कुठंतरी जवळच जायचं असतं. सकाळी निघून दिवेलागणीला घरी. टेकडी, तलाव, नदीकाठ, एखादं जुनं वस्तुसंग्रहालय, काहीही चालतं. शिक्षकाच्या आठवड्यात मोकळा दिवस हा एकच, त्यामुळे त्याची निम्मी तयारी आदल्या दुपारी ओव्हनमध्येच होऊन जाते.

पण केकला घंटा कळत नाही. घंटा झाली की वर्ग सुटतो, मग कुणाला समजलेलं असो वा नसो. केकचं तसं नाही. त्याची तोंडी परीक्षा घ्यावी लागते, आणि तीही बरोबर मध्यभागी टूथपिक खुपसून. कडेला खुपसून बघणं म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलालाच प्रश्न विचारण्यासारखं आहे. कडा डब्याला चिकटून असते, तिला उष्णता आधी मिळते, ती नेहमीच तयार असते. मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो. टूथपिकला ओलं मिश्रण लागलं तर अजून पाच मिनिटं. दोन-चार कोरडे कण लागले तर झाला. अगदी लख्ख कोरडी निघेपर्यंत थांबलं, तर केक बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेनं आणखी थोडा शिजतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो.

पहिली २५ मिनिटं दार मात्र उघडायचं नाही. तोवर केक फुगलेला दिसतो, पण उभा राहिलेला नसतो. आतल्या बुडबुड्यांभोवतीच्या भिंती अजून ओल्या असतात. दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर पडते, बुडबुडे आकसतात आणि केक मध्ये बसतो. तो पुन्हा उठत नाही. काचेतून बघायला कुणाची ना नाही. काचेला नाक लावून उभं राहिलेलं पोर आणि आत हळूहळू वर येणारा पिवळा घुमट, या दृश्याला वय नाही. ओव्हनची काच धुरकट झाली असेल तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट रात्रभर लावून ठेवायची आणि सकाळी पुसायची. प्रयोग काय चाललाय ते दिसायलाच हवं.

बाहेर नेण्याचा केक वेगळा असतो, हे बऱ्याच जणांना पहिली सहल फसल्यावर कळतं. आयसिंगचा विचारच नको. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. उन्हात उभ्या गाडीतला डबा त्याच्या कितीतरी पुढं जातो. क्रीमची गोष्ट आणखी वाईट. ते दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, आणि ऊन ३२ अंशांपुढचं असेल तर एकच तास. लोण्याचा साधा केक चालतो, पण गार हवेच्या ठिकाणी गेलात तर लोणी पुन्हा आळतं आणि केक घट्ट लागतो. प्रवासाला तेलाचाच केक बरा. तेल गारठ्यातही पातळ राहतं, म्हणून केक सकाळी जसा तसाच दुपारी.

प्रमाण पाठ व्हावं इतकं सोपं आहे. एक कप ताजं दही आणि १५० ग्रॅम साखर, साखर विरघळेपर्यंत फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. हा चमचा पाच मिलिलिटरचा, मापाचा आणि सपाट, चहाच्या कपातला नव्हे. पाच मिनिटांत वर बुडबुडे येतात. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, एक चमचा व्हॅनिला, आणि शेवटी १८० ग्रॅम मैदा दोनदा चाळून, तीन हप्त्यांत. डब्याला तळाशी बटर पेपर. ओव्हन त्याआधी १५ मिनिटं तापवलेला हवा, कारण सोड्याचं काम दह्याला लागल्या क्षणी सुरू झालेलं असतं आणि मिश्रण ओट्यावर वाट बघत बसलं तर सगळा वायू हवेत जातो.

मैदा घातल्यावर फेटायचं नाही, उलथायचं. तळापासून वर, मग मध्ये एक काप, पुन्हा तळापासून वर. मैद्यातली प्रथिनं पाण्यासोबत ढवळली की त्यांची चिवट जाळी बनते. पावाला ती हवी असते, केकला नको असते. जास्त ढवळलेला केक कापला की आत उभी उभी बिळं दिसतात आणि तो रबरासारखा ताणतो. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं. नेमकं हेच शिक्षकाला जड जातं. समजलेलं असलं तरी ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणत आणखी चार हात फिरवायची सवय हाडात मुरलेली.

बेकिंग पावडर हे सोडा आणि कोरडं आम्ल यांचं मिश्रण. दोघांनी डब्यातच भांडू नये म्हणून मध्ये स्टार्च घातलेला असतो, तो ओल शोषून घेतो. अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये अशी पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही चालत नव्हती, म्हणून त्याआधी त्यानं बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. घरातल्या एका माणसाचं पथ्य जगाच्या स्वयंपाकघराला इतकं उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. सोडा मात्र एकट्यानं नीट काम करत नाही, त्याला दह्याची, ताकाची किंवा लिंबाची आंबट सोबत लागते. सोबत कमी आणि सोडा जास्त झाला तर केक गडद होतो आणि साबणासारखा लागतो. आजूबाजूचे लोक ‘छान झालाय’ म्हणत दुसरा तुकडा नाकारतात, त्यावरून ओळखावं.

आता जरा खुसपट. पाककृतीत ‘एक कप मैदा’ लिहिणाऱ्यांचे गुण कापले पाहिजेत. चमच्यानं हलकेच भरून वरून सपाट केला तर कपात १२० ग्रॅम मैदा मावतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४० ते १५०. दीड कपाला हा फरक ४० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे केक की वीट याचा निकाल तिथंच लागतो. आणि ‘वाटीभर’ म्हणणाऱ्यांना तर थेट विचारावं, कोणाची वाटी? वजनकाटा घ्यावा. एकक न लिहिलेलं उत्तर आपण वर्गात बरोबर धरत नाही, मग स्वयंपाकघरात का धरायचं? ओव्हनच्या बटणावरही तेवढाच विश्वास ठेवावा जेवढा ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलावर शेवटच्या तासाला ठेवतो. बटण १८० दाखवतं, आत १६० किंवा २०० असतं. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो एकदा लावून बघावा. केकचा घुमट उंच होऊन वर तडकत असेल तर ओव्हन जास्त तापतोय. कडा आधी आवळून बसतात आणि मधल्या मिश्रणाला वर फुटण्यावाचून वाट उरत नाही. पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी.

केक काढल्यावर दहा मिनिटं डब्यातच ठेवायचा, मग जाळीवर. दहाच्या आधी काढला तर मोडतो, फार वेळ ठेवला तर वाफेनं तळ ओला होतो. पूर्ण निवायला दोन तास लागतात आणि तोवर सुरी लपवलेली बरी. मग गंमत अशी, की तो पुन्हा त्याच डब्यात ठेवायचा. भाजताना केक कडेनं थोडा आकसलेला असतो, त्यामुळे अलगद बसतो. वर कागद, त्यावर फडकं घट्ट बांधायचं. केक नेण्यासाठी त्याच्या स्वतःच्या डब्याहून चांगला डबा नाही, आणि तरी लोक तो प्लास्टिकच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली घालतात. कापायचा तिथं पोचल्यावर. कापलेली प्रत्येक बाजू कोरडी पडत जाते.

फ्रिजमध्ये ठेवू नये. स्टार्च फ्रिजच्या थंडीत सर्वांत भरभर कडक होतो, म्हणून फ्रिजमधला केक बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. फ्रीझरमध्ये मात्र ही क्रिया जवळपास थांबते. बुधवारी वेळ मिळाला तर बुधवारीच भाजून, तुकडे करून, एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावा आणि रविवारी निघताना तसाच पिशवीत घालावा. दीड तासाच्या वाटेत तो मऊ होतो. वेष्टण आधी सोडायचं नाही, म्हणजे दव कागदाच्या बाहेर धरतं, केकवर नाही.

पावाचं तसं नाही, पाव शिक्षकाच्या वेळापत्रकात बसतो. सकाळी शाळेला जायच्या आधी ५०० ग्रॅम मैदा, ३२० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट मळून फ्रिजमध्ये ठेवलं, की तिथल्या गारव्यात ते सावकाश फुगत बसतं. संध्याकाळी कुठल्यातरी बैठकीमुळे दोन तास उशीर झाला तरी त्याची तक्रार नसते. वर्गात असं एखादंच मूल असतं.

मिश्रणाचं भांडं कोण चाटणार, यावरून भावंडांची भांडणं व्हायची. सुरीनं मध्ये रेघ ओढून हद्द ठरवली जायची आणि ती रेघ हळूहळू ओघळून एकाच बाजूला जायची. कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात, तो भाजल्याशिवाय खाण्याचा पदार्थ नाही, हे आता माहीत आहे, त्यामुळे भांडं सरळ पाण्याखाली जातं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं शिक्षकानं म्हणू नये.

तर सहल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये चालण्याचा एक हिशेब मांडला, तो अजून कामी येतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटरचा चढ असेल तर एक तास बारा मिनिटं अधिक तीस, पावणेदोन तास म्हणू. पण नेस्मिथच्या हिशेबात थांबणं नाही. फोटो नाहीत, बुटात गेलेला खडा नाही, ‘अजून किती राहिलं’ नाही. मुलं आणि गप्पा असतील तर दीडपट धरावी, अडीच तास. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर. आणि परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवावी. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी वळायचं. वस्तुसंग्रहालयाला जायचं तर सुट्टीचा वार आधी बघावा. बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो, आणि शाळेला बदली सुट्टी मिळते तीही नेमकी सोमवारी.

चौघंच असली तरी शिक्षक दर अर्ध्या तासानं डोकी मोजतो. स्वतःला धरून की सोडून, यात एकदा तरी घोळ होतो. प्रत्येक फलक पूर्ण वाचतो आणि ‘पुर्ण’ लिहिलेलं दिसलं की हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. झाडाखाली बसून केक कापताना आठ तुकडे सारखेच व्हावेत म्हणून कोन मोजतो. एवढं करून सगळ्यात लहान तुकडा आपल्या वाट्याला येतो, कारण तो वाटणाऱ्याचाच असतो.

पिशवीच्या तळाशी वह्याही असतात. झाडाखाली निवांत तपासू म्हणून नेलेल्या असतात आणि जशाच्या तशा परत येतात. या वेळी मात्र सगळ्यात वरच्या वहीच्या कव्हरवर बोटाएवढा तेलाचा डाग आहे, आणि आत पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं आहे: टापटीप हवी, दोन गुण वजा.