शत्रू पडल्यावर आनंद करावा का?

कुणी कुख्यात दहशतवादी मारला गेल्याची बातमी आली, की ओळखीतलं कुणीतरी मला विचारतंच, "तुम्हा ज्यू लोकांत शत्रूच्या मरणाचा आनंद करू नये असं आहे ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. आहे, आणि नाहीही.

'तुझा शत्रू पडला तर आनंद करू नकोस' हे आमच्या बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 24व्या अध्यायातलं वचन. पण त्याच्या पुढची ओळ सहसा कुणी वाचत नाही. तिथं कारण दिलंय: नाहीतर परमेश्वराला ते आवडणार नाही आणि तो शत्रूवरचा राग आवरता घेईल! दयाबिया काही नाही, रोकडा व्यवहार. शिवाय त्याच पुस्तकात 11व्या अध्यायात दुर्जनांचा नाश झाला की जयघोष होतो, असंही लिहिलंय.

तालमुद, म्हणजे आमच्या गुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, त्यातली एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवडते. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या आमच्या पूर्वजांचा पाठलाग करणारं फारोचं, म्हणजे तिथल्या राजाचं, सैन्य समुद्रात बुडत होतं आणि देवदूत स्तुतिगीत गायला निघाले. देव म्हणाला, "माझ्या हातांनी घडवलेले जीव बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणता?" गोष्ट सुंदरच आहे, पण सांगणारे ती अर्ध्यावर सोडतात. त्याच वेळी पैलतीरावर त्या पूर्वजांचा पुढारी मोशे आणि त्याची माणसं गात होती, त्याची बहीण मिर्याम आणि बायका डफ घेऊन नाचत होत्या. त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. उलट ते गाणं आजही रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात. फारोनं नाईल नदीत फेकायला लावली ती या माणसांची पोरं, देवदूतांची नव्हेत. ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्यांनी गावं, वरून बघणाऱ्यांना कसला उत्साह? टीव्हीसमोर बसून पेढे वाटणारे मला त्या देवदूतांतलेच वाटतात.

आणि गाणाऱ्यांचा पेलाही काठोकाठ भरलेला नसतो. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या घरांत पेसाहला, म्हणजे त्या सुटकेच्या सणाला, दारूऐवजी मनुकांचं सरबत असतं. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, मिसरावर (इजिप्तवर) देवानं धाडलेल्या दहा पीडांची नावं घेताना दर नावाला त्यात बोट बुडवून एक थेंब ताटलीत टाकायचा. रक्त, बेडूक, उवा... शेवटी थोरल्या मुलांचा मृत्यू. दुसऱ्याच्या दुःखानं आपला आनंद तेवढा उणा होतो, असा अर्थ लावतात. तो मागाहून जोडलाय म्हणे. असेना. पोरं बोट चाटायला जातात तेव्हा मी तोच सांगते.

पुरीम या सणाची गोष्ट याच्या नेमकी उलट. इराणच्या राजाचा मंत्री हामान यानं अख्ख्या ज्यू जमातीच्या कत्तलीचा हुकूम काढलेला, आणि राजाज्ञेनं त्यालाच मर्दखय या ज्यू माणसाला घोड्यावर बसवून मिरवायची पाळी येते. तालमुद म्हणतं, उपासानं मर्दखयाच्या अंगात त्राण नव्हतं म्हणून हामान वाकला, आणि त्याच्या पाठीवर पाय देऊन चढताना मर्दखयानं त्याला एक लाथ हाणली. हामान कळवळून म्हणाला, "शत्रू पडला तर आनंद करू नये, असं तुमच्यात लिहिलंय ना?" मर्दखय म्हणाला, "ते आमच्या आपसातलं. तुझ्यासाठी नाही." म्हणजे हा प्रश्न विचारणारे तुम्ही काही पहिले नाही!

शमुएल हाकातान नावाचे एक गुरू नीतिसूत्रांतलं तेच वचन सतत म्हणत. गंमत अशी, की पाखंड्यांविरुद्धची प्रार्थना रचायची वेळ आली तेव्हा ती रचली याच गुरूंनी. पुढच्या वर्षी ती म्हणायला उभे राहिले, तर स्वतःचेच शब्द विसरले. दोन-तीन तास आठवत राहिले, आणि लोकांनी त्यांना तिथून हटवलं नाही.