तीन पदरी दोर

शाळेच्या शताब्दीचं पत्र हातात पडलं आणि आधी आठवले ते इतिहासाचे सर. नाव लिहीत नाही. ‘दोरवाले सर’ म्हटलं की आपल्या सगळ्या तुकड्यांना कळतं. इमारत, स्नेहसंमेलनं, खो-खोचा संघ यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरांचा एकच तास सांगायचा आहे.

बलुतेदारांच्या धड्यात मांगापुढे दोनच शब्द होते, ‘दोर वळणारा’. सरांनी पुस्तक मिटलं, टेबलावर अंबाडीचा कासरा ठेवला आणि म्हणाले, “आधी हा कसा होतो ते बघू.”

अंबाडी फुलावर आली की कापायची. पाला झडू द्यायचा, पेंढ्या बांधून साचलेल्या पाण्यात दगडाखाली दहा-पंधरा दिवस बुडवायच्या. बुडख्याकडची साल ओढली की सहज सुटायला हवी. लवकर काढली तर चिकट राहते आणि वाख, म्हणजे सालीचा धागा, ताठ होतो. उशीर झाला तर वाख काळा पडतो, कुजतो, दोर ओढीला तुटतो. सोललेला वाख धोपटून, धुऊन, उन्हात वाळवायचा. मग पीळ. प्रत्येक पदराला एका बाजूने पीळ द्यायचा आणि तिन्ही पदर एकत्र करताना उलट्या बाजूने. दोन्ही पीळ एकाच बाजूने दिले तर दोर गुंडाळतो आणि उसवतो. वळताना लांबी पाव हिश्शाने तरी घटते. तीस हात दोराला चाळीस हातांचे पदर धरायचे. सरांनी कासऱ्याचं टोक उसवून दाखवलं. एक पदर सैल होता. “सैल पदर ओझं घेत नाही, बाकीच्या दोघांवर पडतं, आणि दोर तिथेच तुटतो.” मांगवाड्यातल्या मुलांच्या घरची विद्या त्या दिवशी फळ्यावर आकृतीसकट लिहिली गेली. सरांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

एवढ्या कसबाचं मोल काय होतं? दोरागणिक पैसे नव्हतेच. खळ्यावर सुगीला धान्याचं बलुतं, तेही शेतकऱ्याच्या मापानं. पोळ्याला नवी दावी, म्होरक्या, कासरे द्यायचे, लग्नकार्यात हलगी वाजवायची, केरसुण्या बांधायच्या. बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, दिवसभर विहिरीत जायचा-यायचा, पण तो वळणाऱ्याला त्याच विहिरीचं पाणी शेंदता येत नसे. अस्पृश्यांतही उतरंड होती आणि मांग तिच्या तळाशी. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचं नाव आम्ही त्याच तासाला ऐकलं. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन अंकांत छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. शाळेत गेलेल्या मुलीने विचारलेला.

पुढे नायलॉन आला, मोटा जाऊन पंप बसले, आणि वाख सोलणारी घरं मोलमजुरीला लागली. आज त्या वस्तीतून शिक्षिका आहेत, तलाठी आहेत, एक डॉक्टर आहे. तीन पदरांचा नाडा मात्र आता कोणी वळत नाही. अनुसूचित जातींत उपवर्गीकरण, म्हणजे आरक्षणासाठी आतले वेगळे गट, करता येईल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी, मांग समाजातले साहित्यिक अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीदिवशीच दिला. सर असते तर त्यांनी त्यावर पूर्ण तास घेतला असता.

शाळेकडे एक मागणं आहे. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदी मागतात, आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या त्या नोंदी आपल्या जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीतच आहेत. सर त्या रजिस्टरांना जिवापाड जपत, कोणाला त्यात खाडाखोड करू देत नसत. ‘मांग’ आणि ‘मातंग’ एकाच नोंदीत येतात, ‘मांग गारुडी’ची नोंद वेगळी, एक शब्द चुकला तर पोराचं वर्ष जातं. ती रजिस्टरं वाळवी लागण्याआधी स्कॅन करून घ्यावीत. मूळ पानांचं लॅमिनेशन करू नये. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाला शाई आणि अक्षर तपासावं लागतं.