रहस्यकथांची वाचन-नोंद: खुनी कळल्यावर पुन्हा पहिलं प्रकरण

या खेपेला वाचनाला एक अट घातली होती. रहस्यकादंबरी संपली की लगेच पुढची उघडायची नाही. आधी तिचीच पहिली दोन-तीन प्रकरणं परत वाचायची, खुनी कोण ते ठाऊक असताना. लेखकाने आपल्या डोळ्यांदेखत काय मांडून ठेवलं होतं आणि आपली नजर भलतीकडे कशी वळवली, हे तेव्हाच नीट दिसतं. काही पुस्तकं या दुसऱ्या वाचनात कोसळतात. सुरुवातीची पानं नुसती भरती होती, हे लख्ख कळतं. काही मात्र दुसऱ्यांदा जास्त भिडतात. खालची सगळी मतं याच कसोटीवरची आहेत. शेवट कुठेही फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

सगळ्यात वर आहे केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी कादंबरी २००५ची, तिला नाओकी हा जपानी साहित्य पुरस्कार मिळाला, इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. ‘जाने जान’ हा हिंदी सिनेमा हिच्यावरूनच केलेला आहे. तो पाहिला असेल तरी पुस्तक वाचाच. खून कोणी केला, हे इथे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. टोकियोत जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिची शाळकरी मुलगी आणि पैशांसाठी पिच्छा पुरवणारा तिचा पूर्वीचा नवरा. घरात झटापट होते आणि तो जीव गमावतो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी दार वाजवतो आणि पुढचं सगळं निस्तरायची जबाबदारी स्वतःवर घेतो.

मग वाचायला उरतं काय? उरतं ते हे, की पोलीस येतात, विचारतात, आणि दर वेळी मिळणारं उत्तर पक्कं असतं. ते खोडता येत नाही. वाचक सगळं जाणतो अशी त्याची समजूत असते आणि त्याच समजुतीचा हिगाशिनो वापर करून घेतात. परीक्षेत गणित कसं घालायचं याबद्दल इशिगामी बोलतो ते आठवा: दिसायला भूमितीचं, सोडवायला गेलं तर बीजगणिताचं. पहिल्या वाचनात हा शिक्षकाच्या स्वभावाचा एक तपशील वाटतो, दुसऱ्या वाचनात तिथे थांबून राहावं लागतं. पहिल्याच प्रकरणात तो घरून शाळेकडे चालत निघतो, वाटेत काय काय दिसतं ते निवांतपणे येतं. शेवट ठाऊक असताना तो रस्ता पुन्हा वाचला आणि अंगावर काटा आला.

आणखी एक जागा मला फार आवडली. इशिगामीचा कॉलेजचा मित्र युकावा, भौतिकशास्त्रज्ञ, पोलिसांचा अनौपचारिक सल्लागार. त्याला पहिली शंका येते ती कुठल्या पुराव्यावरून नाही. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघून इशिगामी दिसण्याबद्दल एक साधं वाक्य बोलतो, तेवढ्यावरून. ज्या माणसाला गणितापलीकडे कशाची फिकीर नव्हती, त्याला आता आपण कसे दिसतो याची का पडावी? माणूस ओळखण्यातून तपास सुरू होतो, हे किती सुंदर आहे! जपानी समीक्षकांत या कादंबरीवरून वादही झाला: वाचकाला सगळे धागे प्रामाणिकपणे दिले आहेत की नाहीत. माझं मत ठाम आहे, दिले आहेत. तक्रार एकच. यासुकोच्या आयुष्याचे निर्णय आजूबाजूचे पुरुषच घेत राहतात आणि लेखकही तिला फारसं मन देत नाही.

जपानमध्येच राहू. युकितो अयात्सुजी यांची ‘द डेकॅगॉन हाउस मर्डर्स’ १९८७ची. विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातली मुलं एका ओसाड बेटावरच्या दहाकोनी घरात आठवडाभर राहायला जातात. एकमेकांना हाका मारायच्या त्या एलरी, पो, कार, अगाथा अशा रहस्यलेखकांच्या नावांनी. बेटावर आधी हत्याकांड होऊन गेलेलं आहे. एक प्रकरण बेटावर, एक मुख्य भूमीवर, अशी कथा पुढे सरकते. अगाथा ख्रिस्तींच्या १९३९च्या बेटावरच्या कादंबरीला, ‘अँड देन देअर वेअर नन’ला, केलेला हा उघड सलाम आहे. सगळी इमारत एका वाक्यावर उभी आहे. ते वाक्य आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. दुसऱ्या वाचनात जोडकाम अगदी चोख निघालं, कुठेही फट नाही. पण मुलं कचकड्याची आहेत. एकेक जण मरत गेला तरी कोणासाठी जीव हळहळला नाही. कौतुक पुरेपूर, प्रेम नाही. सेइशी योकोमिझो यांची ‘द होन्जिन मर्डर्स’ही याच सुमारास वाचली. बर्फात रोवलेली तलवार, लग्नाच्या रात्री ऐकू येणारे कोतो या जपानी तंतुवाद्याचे सूर, आतून बंद घर. वातावरण अप्रतिम, उकल फारच यांत्रिक. एकदा पुरे.

आता किशोरवयीन वाचकांसाठीची पुस्तकं. रहस्यवाचक मंडळी यांना थोडं खालच्या पायरीवर ठेवतात, ते मला पटत नाही. मोठ्यांच्या कादंबरीतला डिटेक्टिव्ह बाहेरून येतो, उकल करतो आणि निघून जातो. सतरा वर्षांच्या मुलीला ती सोय नसते. तिचे संशयित म्हणजे तिचे वर्गमित्र, शिक्षक, मैत्रिणीचे वडील. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत, त्याच बाकावर जाऊन बसायचं असतं.

हॉली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) याचा उत्तम नमुना. इंग्लंडमधलं लिटल किल्टन नावाचं काल्पनिक गाव. पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही मुलगी नाहीशी झाली, तिचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. तिचा मित्र सल सिंग जंगलात मृतावस्थेत सापडला आणि गावाने त्याच्यावर खुनी म्हणून शिक्का मारून प्रकरण मिटवलं. पिप ही मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेते. सलचा धाकटा भाऊ रवी तिच्यासोबत येतो. कादंबरी प्रकल्पाच्या नोंदी, मुलाखती, नकाशे यांतून उलगडते. वाचकापुढे तीच कागदपत्रं असतात जी पिपपुढे असतात, त्यामुळे लपवाछपवीला जागा कमी आणि लेखिकेची कसोटी मोठी. ती त्यात उतरली आहे. सुरुवातीच्या मुलाखती परत वाचल्या तर कोण कुठला प्रश्न टाळतंय ते दिसतं.

पण मला धरून ठेवलं ते सिंग कुटुंबाने. भारतीय वंशाचं घर, मुलगा गेलेला, वर गावाने वाळीत टाकल्यासारखं वागवायचं. रवीला दुकानात जातानाही माणसांच्या नजरा सोसाव्या लागतात. गोऱ्या गावाला हा निकाल इतक्या सहज का पटला, हा प्रश्न जॅक्सन भाषण न देता मांडतात. त्रयीतलं तिसरं पुस्तक, ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड’ (२०२१), वाचकांत फूट पाडणारं आहे. काहींना ते सहन होत नाही. मला ते तिघांत सर्वात धीट वाटलं, कारण इतकं बघितलेली मुलगी पूर्वीसारखी हसतखेळत राहील हे खोटं ठरलं असतं.

कॅरन मॅकमॅनस यांची ‘वन ऑफ अस इज लाइंग’ (२०१७) भरभर संपते. शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर थांबवलेली पाच मुलं, त्यातला शाळाभरच्या कुचाळक्या अ‍ॅपवर टाकणारा सायमन मरतो, उरलेली चौघं संशयित. चौघंही आळीपाळीने बोलतात. चौघांतल्या अ‍ॅडीचा बदल छान रंगलाय, बाकी आवाज एकमेकांत मिसळतात. प्रवासात वाचायला ठीक.

ई. लॉकहार्ट यांची ‘वी वेअर लायर्स’ (२०१४) मात्र वेगळीच चीज आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एका श्रीमंत घराण्याचं खासगी बेट, आजोबांच्या मर्जीसाठी भांडणाऱ्या तीन लेकी आणि त्यांची मुलं. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात काय घडलं ते केडन्सला आठवत नाही, डोकेदुखी मात्र पाठ सोडत नाही. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो गॅट, आडनाव पाटील! आपलं नाव दिसलं म्हणून आवडला असं नाही. त्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या घराण्यात आजोबा त्याला मनातून कधीच आत घेत नाहीत, आणि हे सांगणारा एकटा तोच आहे. तुटक वाक्यांची शैली अनेकांना खटकते. पुन्हा वाचताना मात्र त्या तुटकपणाचं कारण कळतं आणि जेवणाच्या टेबलावरचे साधे प्रसंगही हलवून टाकतात. कसोटीवर ही हिगाशिनोंच्या खालोखाल.

घराजवळचं पुस्तक म्हणजे सुजाता मॅसी यांचं ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८). १९२१ची मुंबई, वडिलांच्या फोर्टमधल्या कचेरीत काम करणारी वकील परवीन मिस्त्री. मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपला वाटा धर्मादाय वक्फला देऊन टाकायला तयार झाल्याचा कागद तिच्या हाती येतो आणि सह्यांवरून तिला संशय येतो. त्या बंगल्याच्या जनानखान्यात पुरुष वकील किंवा पोलीस जाऊ शकत नाही, परवीन जाऊ शकते. बंद खोलीचं कोडं इतक्या सहज, समाजातूनच उगवलेलं मी क्वचित पाहिलंय.

परवीनच्या मागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. त्या १८६६ साली नाशिकला जन्मल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी आयुष्यभर झगडल्या. भारतात स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला तो १९२३ मध्ये. म्हणजे कादंबरीतली परवीन कोर्टात उभी राहू शकत नाही, कागद आणि माणसं हीच तिची हत्यारं. मधेमधे १९१६-१७ मधलं तिचं कलकत्त्यातलं लग्न येतं. पाळीच्या दिवसांत तिला कोंडून ठेवतात ती प्रकरणं खुनापेक्षा भीतिदायक आहेत. रहस्य तसं मध्यम आहे, जाणकार वाचकाला अर्ध्यात अंदाज येतो. तरीही पुस्तक परत वाचावंसं वाटतं, कारण परवीन त्या तीन विधवांच्या नजरेला नजर का देऊ शकते, हे दुसऱ्या वाचनात उमगतं.

हे सगळं वाचताना मराठीचा विचार सुटत नव्हता. भा. रा. भागवतांचा बनेश उर्फ फास्टर फेणे, फुरसुंगीचा, आजही दहा-बारा वर्षांच्या मुलांना मी हमखास देते आणि तो चालतो. त्यानंतर एकदम सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास. मधल्या चौदा ते सतरा वयासाठी, त्यांच्या वर्गातलं, त्यांच्या क्लासमधलं, त्यांच्या सोसायटीतलं रहस्य फार थोडं लिहिलं जातं. साताऱ्यातली किंवा डोंबिवलीतली पिप मला वाचायची आहे. तोवर या वयाला मी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा सुचवते, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. निवेदक तोपशे स्वतः किशोरवयीन आहे, आणि ‘कैलासे केलेंकारी’ची गोष्ट तर थेट वेरूळच्या लेण्यांत येऊन पोचते. मूर्तिचोरांचा माग, कैलास लेण्याचा अंधार, सोबत थरारकथा लिहिणारे जटायू. तो वाचून वेरूळला गेलेली मुलं खांबांमागे बघत फिरतात.

सध्या हातात परवीनचंच दुसरं पुस्तक आहे, ‘द सातापूर मूनस्टोन’. सह्याद्रीतलं काल्पनिक संस्थान, संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिशांच्या कोल्हापूर एजन्सीच्या वतीने आलेली परवीन, अल्पवयीन महाराजांच्या शिक्षणावरून आई आणि आजी यांच्यात जुंपलेली. पावसाळी जंगल छान उतरलंय, गती मात्र पहिल्यापेक्षा मंद. माझा संशय दोघांवर आहे. त्यानंतर अँथनी हॉरोविट्झ यांची ‘मॅगपाय मर्डर्स’ (२०१६). त्यात एका संपादिकेच्या हाती रहस्यकादंबरीचं हस्तलिखित येतं आणि त्याचा शेवटच गायब असतो. कादंबरीत कादंबरी, म्हणजे पहिली प्रकरणं दोनदा तपासायची. तिच्यासाठी एक अख्खा शनिवार-रविवार मोकळा ठेवला आहे.