पहिल्या नंबरावर काय लिहायचं

सोमवार

कॉलेज प्रवेशाच्या अर्जात पसंतीक्रम भरायला बसलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "तिथे काही आपला नंबर लागत नाही, मग पहिला नंबर कशाला वाया घालवायचा?" ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण नुकसान होतं ते याच शहाणपणापायी.

वाटप कसं होतं ते एकदा नीट समजून घ्यावं. गुणवत्ता यादीत वरून खाली एकेका विद्यार्थ्याची पाळी येते. त्याच्या यादीतला पहिला पर्याय शिल्लक असेल तर तो मिळतो, नसेल तर दुसरा बघितला जातो, मग तिसरा. पहिला हुकला म्हणून दुसऱ्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. माटुंग्याचं व्हीजेटीआय हे नामवंत इंजिनीअरिंग कॉलेज पहिल्या नंबरावर लिहून ते मिळालं नाही, तर त्यात एक पैही जात नाही.

नुकसान उलट्या बाजूने होतं. "सेफ" म्हणून घराजवळचं कॉलेज वर टाकलं, की ते मिळतं आणि दार बंद होतं. इंजिनीअरिंगच्या 2025-26 च्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला एखादा मिळाला, तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होत होती. मग पुढच्या फेरीत चांगलं काही सुटलं तरी ते दुसऱ्याचं. अकरावीतही तोच प्रकार. दहापर्यंत पर्याय देता येतात, पण पहिला मिळाला तर तिथे प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते ती बहुधा मागच्या वर्षीची असते.

थोडक्यात, यादी हवेसेपणाने लावायची, मिळेलसेपणाने नाही. मिळण्याचा हिशोब यादी किती लांब करायची हे ठरवण्यासाठी ठेवावा. मागच्या वर्षीच्या कटऑफपेक्षा आपण मागे आहोत असे काही पर्याय, आसपासचे बरेच, आणि आपण आरामात पुढे आहोत असे काही. इंजिनीअरिंगला सगळे मिळून पंचवीस-तीस तरी. आणि जिथे मूल खरंच जाणार नाही असं कॉलेज शेवटच्या नंबरावरही नको. शेवटचा पर्यायसुद्धा मिळतो.

"वाशीच्या कॉलेजचं मेकॅनिकल आधी की घोडबंदरच्या कॉलेजचं कॉम्प्युटर आधी" हा वाद एक्सेलमध्ये सुटत नाही. वहीची मागची पानं फाडून चिठ्ठ्या कराव्यात, एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एकच शाखा. त्यातल्या दोन टेबलावर ठेवून मुलाला विचारावं, "उद्या या दोन्ही मिळाल्या तर कुठे जाशील?" जिंकलेली चिठ्ठी वर सरकते, पुढची तिच्याशी भिडते. अर्ध्या तासात यादी लागते. आईबाबांनी फक्त प्रश्न विचारायचा, आणि उत्तर आल्यावर चेहरा बदलायचा नाही. अवघड आहे ते हे दुसरं.

मंगळवार, उशिरा

कटऑफची पीडीएफ, म्हणजे कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याची यादी. पहिल्यांदा उघडली की डोळे फिरतात, पण लिपी सोपी आहे. रकान्याच्या डोक्यावर जीओपनएच, एलओबीसीएच, जीओपनएस असं काहीतरी छापलेलं असतं. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला तुकडा प्रवर्गाचा. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. मूल ठाण्याहून किंवा नवी मुंबईतून बारावी झालं असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत त्याने एच बघायचा, पुण्याच्या कॉलेजात ओ. मुलीसाठी जी आणि एल दोन्ही रकाने बघावेत. टीएफडब्ल्यूएस हा वेगळा रकाना असतो. शिक्षण शुल्क माफीच्या या जागा वाढीव असतात, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं, आणि अर्जात त्यांचा चॉइस कोडही वेगळा. तो न टाकता नुसता साधा कोड टाकून मोकळे होणारे पुष्कळ.

रकान्याखाली दोन आकडे असतात: गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. पालक पर्सेंटाइलच्या मागे धावतात, पण तुलना करायची ती क्रमांकाची. पर्सेंटाइल परीक्षेला बसलेल्या सगळ्यांतलं असतं, क्रमांक प्रवेशाला उतरलेल्यांतला. आणि 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के नव्हेत, हे आजी-आजोबांनाही एकदा सांगून टाकावं. चार लाख मुलं परीक्षेला बसली असं धरलं, तर 92 पर्सेंटाइलच्या पुढे साधारण बत्तीस हजार जण उभे आहेत. बर्फीचा बॉक्स आणण्याआधी हा हिशोब झालेला बरा.

एकाच फेरीचा कटऑफ बघून हताशही होऊ नये, हुरळूनही जाऊ नये. सगळ्या फेऱ्यांच्या फायली शेजारी शेजारी उघडाव्यात. काही शाखा शेवटच्या फेरीपर्यंत चांगल्याच खाली येतात, काही जागच्या हलत नाहीत. हलतात कुठल्या, त्यावर खूण करावी.

गुरुवार

कागद. जागा हातातून जाते ती बहुतेक वेळा गुणांमुळे नाही, कागदामुळे.

आधी हद्द. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत राहणाऱ्यांचा तालुका ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली इथले पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्ता दोघेही "नवी मुंबई" असाच लिहितात, पण उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आपापल्या तहसीलमधूनच निघतं. सीबीडीतला माणूस पनवेलला जाऊन रांग लावतो आणि परत येतो, हे टाळण्यासारखं आहे.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी वेगळं. तो आज आपण कुठे राहतो यावर मिळत नाही, पूर्वज ठरावीक तारखेला कुठे राहत होते यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमुळे सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या घरांना त्यामुळे दाखल्यासाठी सातारा, रत्नागिरी, जळगाव असं मूळ गाव गाठावं लागतं. लागतं काय? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुना सातबारा, फेरफार. एका कागदावर आडनाव एक आणि दुसऱ्यावर दुसरंच असेल तर शपथपत्र, आणि पुन्हा फेरी. त्यानंतर जात पडताळणी, आणि तिला महिने लागतात. म्हणून पडताळणीचा अर्ज मूल अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत द्यायचा. बारावीच्या निकालानंतर पळापळ करून मिळते ती पावती. पावतीवर अर्ज पुढे सरकतो खरा, पण ठरलेल्या तारखेला मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो.

नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रावरची तारीखही तपासावी. जूनमध्ये प्रवेश असेल तर ते पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. पूर्वी काढून फाइलला लावलेलं त्याआधीच संपत असेल तर उपयोगाचं नाही.

मुलगी असेल तर आणखी एक. 2024-25 पासून इडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की माफी गेली. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, प्रवास हे माफीत येत नाही, त्यामुळे "सगळं फुकट" समजून बजेट करू नये. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षवार दिसते. खिडकीवर सांगितलेला आकडा आणि तो आकडा शेजारी ठेवावा.

शनिवार

प्रवासाची तालीम रविवारी करू नये. रविवारी घोडबंदर रोड मोकळा असतो, आणि मेगाब्लॉकमुळे गाड्या कुठेही थांबतात. सोमवारी सकाळी सातला घरातून निघून कॉलेजच्या फाटकापर्यंत घड्याळ लावून जावं. मुलाने एकट्याने जावं, पाठीवर पाच-सहा किलोंची बॅग घेऊन.

ठाण्याहून नेरुळच्या कॉलेजला पनवेल किंवा नेरुळ गाडी थेट जाते, वाशी गाडीत बसलं तर तुर्भ्याला उतरून बदलावी लागते. व्हीजेटीआयसाठी माटुंग्याला उतरायचं, तिथे फास्ट थांबत नाही. ठाण्याहून फास्टने जायचं तर दादरला उतरून स्लोने मागे यायचं, नाहीतर मुकाट स्लो पकडायची. नकाशात हे सगळं छान दिसतं, पण सकाळी आठला दादरचा जिना नकाशात नसतो.

हिशोब करून बघावा. घर ते कॉलेज एका बाजूने सव्वा तास, म्हणजे दिवसाला अडीच. आठवड्याचे साडेबारा. वर्षाला तीस आठवडे धरले तर 375 तास, चार वर्षांत दीड हजार. हे तास व्हीजेटीआयसाठी घालवावेत का? माझं उत्तर हो. तशाच दर्जाचं कॉलेज ऐरोलीत किंवा कोपरीत मिळत असताना केवळ नावात "मुंबई" आहे म्हणून घालवावेत का? नाही. इंजिनीअरिंगला लेक्चरं संपल्यावर जर्नल, सबमिशन, ओरल असतं, आणि डुलक्या घेत ते होत नाही.

रविवार, पाऊस

"मला कॉम्प्युटर आवडतो" या वाक्याची तपासणी स्वस्तात होते. विद्यापीठाचा तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून मुलासमोर ठेवावा. पहिलं वर्ष बघून काही कळत नाही, ते सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं. डेटा स्ट्रक्चर्स, डिजिटल लॉजिक, गणित, पुन्हा गणित. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमावर याच विषयांची व्याख्यानं फुकट आहेत. सुट्टीत रोज एक, असे दहा दिवस बघायला सांगावं. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर काहीच बिघडलं नाही, दोन वर्षांनी यायचा तो आत्ताच आला.

दहावीनंतर विषय सोडतानाही असाच विचार हवा. विज्ञानात गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की इंजिनीअरिंग आणि आर्किटेक्चर दोन्ही गेली. वाणिज्यात "एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) सोपं जातं" म्हणून गणित सोडणाऱ्याला पुढे डेटा सायन्स किंवा अॅक्चुअरीची (विम्यातल्या जोखमीच्या गणिताची) पायरी चढताना ते आठवतं. सीए करायचं पक्कं असेल तर आणखी निराळं, फाउंडेशनमध्ये गणित आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहेच.

आणि पदवीचं नेमकं नाव वाचावं. 2024 मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना सीईटी आली, तेव्हा काही कॉलेजांनी नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं केलं. त्याला ती सीईटी लागत नाही. वाईट काही नाही त्यात, पण आपण नक्की कशाला प्रवेश घेतोय हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

प्लेसमेंटच्या बॅनरवर "90 टक्के" दिसलं की विचारावं, कशाचे 90 टक्के? वर्गातल्या सगळ्यांचे की कंपनीसाठी पात्र ठरलेल्यांचे? सर्वांत मोठं पॅकेज सोडून मधला आकडा सांगा म्हणावं. माहिती देणारा अडखळला, तर तेही एक उत्तरच.

राहिला अर्ज. त्यात मोबाइल नंबर घरच्या कायमच्या सिमचा द्यावा, क्लासवाल्याचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नाही, कारण ओटीपी त्यावरच येतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. पर्याय भरून नुसतं सेव्ह केलं म्हणजे काम झालं नाही, कन्फर्म करून प्रिंट हातात येईपर्यंत उठायचं नाही. आणि हे सगळं शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, वीज जायच्या आत.